गारव्याचा हिशेब

गेल्या मे महिन्यातील एका जुमाची गोष्ट आहे. खुत्ब्यापूर्वीच्या बयानात मी इस्राफ, म्हणजे उधळपट्टी, या विषयावर बोललो. लग्नांतील रोषणाई, वलीम्यात वाया जाणारे अन्न, नळ मोकळा सोडून केलेला वुजू ही नेहमीची उदाहरणे दिली आणि ओघात वातानुकूलन यंत्राचा, ज्याला आपण सारेच एसी म्हणतो, त्याचाही उल्लेख केला. नमाज आटोपल्यावर एक तरुण थांबला. नोकरदार आहे, शिकलेला आहे, पाच वेळचा नमाजी आहे. त्याने अदबीने विचारले, "मौलाना, एसी मी माझ्या कमाईतून घेतला. कमाई हलाल आहे. मीटर कायदेशीर आहे. बिल मुदतीत भरतो, जकातही देतो. मग रात्रभर एसी चालवला तर तो इस्राफ कसा? ज्याचे पैसे मी मोजले, त्याचा हिशेब आणखी कुणाला द्यायचा?"

मी चटकन म्हणालो, "अल्लाहला." तो मान डोलावून निघून गेला. उत्तर चूक नव्हते, परंतु घाईचे होते. ज्याला प्रश्न टाळायचा असतो, त्यालाही हेच उत्तर देता येते.

त्या रात्री इशानंतर मी माझ्या हुजऱ्यात आलो. मराठवाड्यातील आमच्या गावात त्या दिवशी पारा ४३ अंशांवर गेला होता. सवयीने मी भिंतीवरचा एसी सुरू केला. हा एसी दोन वर्षांपूर्वी जमातीतील एका दानशूर गृहस्थाने इमामाच्या खोलीसाठी दिला. त्याची वीज मात्र मस्जिदीच्या मीटरवरून येते आणि ते बिल मस्जिदीच्या फंडातून भरले जाते. दुपारी मी ज्या विषयावर बोललो होतो, तो विषय माझ्या उशाशी गुरगुरत होता. वाचकहो, पुढील विवेचन त्या तरुणाच्या प्रश्नाचे उत्तर आहे. पण ते लिहिताना मी स्वतःला बाजूला ठेवू शकत नाही.

कागदावरचा हिशेब

प्रथम साधा हिशेब पाहू, कारण नैतिक चर्चा अनेकदा आकडे न पाहताच केली जाते. माझ्या खोलीतील यंत्र दीड टनाचे आहे. हा 'टन' यंत्राच्या वजनाचा नव्हे. पूर्वी थंडावा बर्फाने मोजत. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता खोलीतून बाहेर काढण्याची क्षमता म्हणजे एक टन. दीड टनाचे यंत्र पूर्ण जोराने चालताना ताशी सुमारे दीड युनिट वीज घेते. खोली गार झाल्यावर ते मंदावते किंवा थांबते. त्यामुळे तीन तारांकित यंत्राची रात्रभराची सरासरी ताशी एक युनिट धरली तर फारशी चूक होणार नाही.

रात्री दहा तास म्हणजे दहा युनिटे. हिशेब सोपा व्हावा म्हणून युनिटमागे १० रुपये धरू. एका रात्रीचे १०० रुपये झाले. उन्हाळ्याच्या नव्वद रात्रींची ९०० युनिटे, म्हणजे ९,००० रुपये. याउलट छताचा साधा पंखा सुमारे ७५ वॅटचा असतो. दहा तासांत पाऊण युनिट होते. एका एसीच्या विजेवर असे तेरा पंखे चालतात.

आमच्या मस्जिदीत एक वृद्ध चाचा येतात. ते हातगाडीवर केळी विकतात. दर जुमाला ते घडी घातलेली दहाची नोट पेटीत टाकतात. मी तो हिशेबही केला. वर्षाचे बावन्न जुमे, ५२० रुपये. त्यांच्या वर्षभराच्या नोटा माझ्या पाच रात्री आणि सहाव्या रात्रीचे दोन तास यांत संपतात. त्यांचे घर पत्र्याचे आहे. दिवसभर तापलेला पत्रा मध्यरात्रीपर्यंत आग ओकतो, हे ज्याने अनुभवले आहे त्याला सांगायला नको.

मी यंत्र बंद केले नाही. हेही प्रामाणिकपणे नोंदवतो. उकाडा फार होता आणि पहाटे फज्रला उठायचे होते.

गारवा ही नेमत आहे

येथे एका गैरसमजाचे निराकरण आवश्यक आहे. काही धर्मशील माणसांना वाटते की उकाडा सोसणे हीच ईशभक्ती आणि थंड हवा हा ऐषआराम. इस्लामची शिकवण अशी नाही. दिव्य कुरआनातील सूरह अन-नहलच्या ८१ व्या आयतीत अल्लाहने आपल्या उपकारांची मोजदाद केली आहे. त्यात सावली आहे, डोंगरांतील आश्रयस्थाने आहेत आणि उष्णतेपासून रक्षण करणारी वस्त्रेही आहेत. उन्हापासून बचाव ही माणसाची खरी गरज आहे, हे स्वतः निर्मात्याने मान्य केले आहे.

पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी तीव्र उकाड्यात जुहरची नमाज ऊन उतरेपर्यंत लांबवण्यास सांगितले. सहीह बुखारीत हजरत अबू जर (र.) यांनी कथन केलेला प्रवासातील प्रसंग प्रसिद्ध आहे. मुअज्जिन अजान देऊ लागले, तेव्हा पैगंबरांनी त्यांना थांबवले आणि टेकड्यांच्या सावल्या दिसू लागेपर्यंत थांबवूनच ठेवले. जिथे नमाजच्या वेळेलाही उकाड्यासाठी मुभा मिळते, तिथे आजारी पित्यासाठी, तान्ह्या बाळासाठी किंवा बाळंतिणीसाठी लावलेल्या एसीला कोण दोष देईल? उष्माघाताने माणसे दगावतात. ज्या घरात हृदयविकाराची आई आहे आणि ऐपत असूनही मुलगा बिलाच्या भीतीने यंत्र बंद ठेवतो, त्या घरात इस्राफ टळला असे म्हणता येणार नाही. तिथे कंजूषी घडली. सूरह अल-फुरकानच्या ६७ व्या आयतीत रहमानच्या दासांचे वर्णन करताना उधळपट्टी आणि कंजूषी या दोन्हींच्या मधली वाट सांगितली आहे. आपण बयानांत पहिल्या दोषाविषयी भरभरून बोलतो आणि दुसऱ्याविषयी क्वचितच.

आणखी एक गोष्ट आपल्याच घरात तपासून पाहावी. एसी बहुधा कर्त्या पुरुषाच्या खोलीत असतो. त्याच घरातील स्त्री भर दुपारी शेगडीपुढे भाकऱ्या थापते आणि तिथे साधा पंखाही नसतो, कारण वाऱ्याने आच विझते. घरातील गारवा कुणाच्या वाट्याला आला, हा प्रश्न बिलाच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाच्या गाभ्याशी येऊ. जामे तिर्मिजीत हजरत अबू हुरैरा (र.) यांनी कथन केलेला एक प्रसंग आहे. पैगंबर (स.), हजरत अबू बक्र (र.) आणि हजरत उमर (र.) भुकेल्या अवस्थेत एका अन्सारी सहाबींच्या बागेत गेले. यजमानाने सावलीत बसवले, खजुरांचा घोस आणला, थंड पाणी दिले. तेव्हा पैगंबर (स.) यांनी सोबत्यांना सांगितले की कयामतच्या दिवशी ज्या नेमतींविषयी विचारणा होईल, त्यांतीलच या आहेत; आणि त्यांनी थंड सावली, ताजे खजूर आणि थंड पाणी यांची नावे घेतली. सूरह अत-तकासुरच्या अखेरच्या आयतीत नेमतींविषयी जी विचारणा सांगितली आहे, तिचेच हे स्पष्टीकरण.

या प्रसंगात चुकीचे काहीही घडलेले नाही. भूक खरी होती, यजमान आनंदाने देत होता, अन्न हलाल होते. तरीही विचारणा आहे. म्हणजे हिशेब केवळ हराम गोष्टींचा नसतो. जे हलाल आहे, गरजेचे आहे, कुणी प्रेमाने दिलेले आहे, त्याचाही असतो. आणि त्या यादीत थंड सावली आहे! माझ्या हुजऱ्यातील थंड हवा त्या यादीबाहेर कशी राहील?

पैसे मोजले म्हणजे संपले काय?

तरुणाचा युक्तिवाद असा होता की किंमत चुकती केली की जबाबदारी संपते. हा विचार आज इतका रुळला आहे की तो विचार आहे हेही आपल्या लक्षात येत नाही.

याच्या उत्तरासाठी वुजूचे पाणी पाहा. सहीह हदीसांत आले आहे की पैगंबर (स.) एक मुद्द, म्हणजे सुमारे पाऊण ते एक लिटर, पाण्यात वुजू करीत. इब्न माजामध्ये हजरत सअद (र.) यांच्याविषयीची जी रिवायत आहे, तिच्या सनदीविषयी हदीसशास्त्रज्ञांनी चर्चा केली आहे. पण तिचा आशय विद्वानांनी सदैव शिकवला आहे: वाहत्या नदीच्या काठी बसून वुजू करतानाही पाण्याचा अतिरेक नको. नदीच्या पाण्याला बिल नाही. तिथे कुणाचे मीटर फिरत नाही, पाणी वाहून पुन्हा नदीतच जाते. तरीही मर्यादा आहे. यावरून एक तत्त्व हाती लागते. जिथे किंमत शून्य आहे तिथेही जर इस्राफ होऊ शकतो, तर किंमत चुकती केल्याने इस्राफ नाहीसा होत नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंधच नाही. बिल हा माझ्यातील आणि वीज कंपनीतील व्यवहार आहे. इस्राफ हा माझ्यातील आणि माझ्या निर्मात्यातील व्यवहार आहे. पहिल्या खात्यावरची पावती दुसऱ्या खात्यात चालत नाही.

शिवाय बिलात सगळी किंमत येते असेही नाही. महाराष्ट्रात अजूनही पुष्कळ वीज कोळशातून येते. माझी ९०० युनिटे सारी कोळशाची धरली तर सुमारे सहा क्विंटल कोळसा जाळावा लागतो. देशातील सर्व प्रकारच्या विजेची सरासरी घेतली तरी युनिटमागे सुमारे ०.७ किलो कर्बवायू हवेत जातो. म्हणजे एका खोलीच्या एका उन्हाळ्याचा सहाशे किलोंहून अधिक. चंद्रपूरचे औष्णिक केंद्र २,९२० मेगावॅट क्षमतेचे आहे, आणि चंद्रपूर हे देशातील सर्वाधिक तापणाऱ्या शहरांपैकी एक आहे. राखेशेजारी राहणाऱ्या तिथल्या मजुराला माझ्या खोलीतील गारवा कधी मिळणार नाही, पण त्याच्या वाट्याची धूळ माझ्या बिलावर कुठे छापलेली नसते.

पाण्याचेही तसेच. औष्णिक केंद्राला पाणी लागते. २०१३ च्या दुष्काळात आपल्या मराठवाड्यातील परळीचे केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. ज्या उन्हाळ्यात गावे टँकरची वाट पाहत होती, त्याच उन्हाळ्यात विजेसाठीही पाणी हवे होते. वुजूच्या पाण्याचा जपून वापर करणाऱ्या माणसाने विजेतील पाण्याकडे दुर्लक्ष करू नये.

सूरह बनी इस्राईलच्या २६ व्या व २७ व्या आयतींचा क्रमही विचार करण्यासारखा आहे. आधी नातेवाईक, गरजू आणि वाटसरू यांचा हक्क देण्याची आज्ञा आहे. त्यानंतर उधळपट्टीची मनाई आहे आणि उधळ्यांना सैतानाचे भाऊ म्हटले आहे. उधळपट्टीचा दोष केवळ वस्तू वाया जाते एवढाच नाही. दुसऱ्याचा जो हक्क त्या मालात होता, तो त्याच्यापर्यंत पोचत नाही, हाही आहे.

महावितरणच्या घरगुती बिलाची रचनाही पाहण्यासारखी आहे. पहिल्या १०० युनिटांचा दर सर्वांत कमी. मग १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे, असा दर चढत जातो. दिवे, पंखे, फ्रीज यांनी खालचे टप्पे आधीच भरलेले असतात. त्यामुळे घरात नव्याने आलेल्या एसीची युनिटे वरच्या, महागड्या टप्प्यांत मोजली जातात. म्हणून बिलाची सरासरी काढून एसीचा खर्च मांडणारा स्वतःची फसगत करून घेतो. या टप्प्यांमागे एक नैतिक जाणीवही आहे: जगण्यापुरती वीज स्वस्त असावी, सुखाची वीज महाग. आपल्या उसूलच्या विद्वानांनी, विशेषतः इमाम गजाली आणि इमाम शातिबी यांनी, मानवी हिताच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. जरूरियात, म्हणजे ज्यांवाचून जीवन धोक्यात येते. हाजियात, म्हणजे ज्यांवाचून जीवन कष्टाचे होते. आणि तहसीनियात, म्हणजे जी जीवन सुंदर व सुखाचे करतात. एकच एसी या तिन्ही पायऱ्यांवर असू शकतो. रुग्णाच्या खोलीत तो पहिल्या पायरीवर आहे. कष्टकऱ्याच्या झोपेसाठी दुसऱ्या. रजई अंगावर घेता यावी म्हणून १८ अंशांवर ठेवला तर तिसऱ्या. आणि रिकाम्या खोलीत चालू राहिला तर तो कुठल्याच पायरीवर नाही.

भिंतीपलीकडची उष्णता

एसी थंडावा निर्माण करतो असे आपण म्हणतो. वस्तुतः तो उष्णता एका जागेवरून दुसऱ्या जागी नेतो. खोलीतून काढलेली उष्णता आणि यंत्राने खाल्लेल्या विजेची उष्णता, दोन्ही मिळून बाहेरच्या डब्यातून फेकली जातात. आपल्या दाट मोहल्ल्यांत तो डबा बहुधा अरुंद बोळात असतो, आणि समोर कुणाची तरी खिडकी असते. त्या खिडकीमागे एसी नसतो, म्हणूनच ती उघडी असते.

हनफी फिक्हच्या ग्रंथांत या प्रश्नाशी मिळतीजुळती चर्चा आहे. कुणी आपल्या घरात, स्वतःच्या मालकीच्या जागेत, भटारखान्यासारखी कायम पेटती भट्टी घालू इच्छितो. त्याला मनाई करावी काय? जागा त्याची, लाकडे त्याची. तरीही फुकहांनी लिहिले आहे की शेजाऱ्याला होणारा त्रास जर उघड आणि भारी असेल तर मनाई केली जाईल. घरापुरती चूल मात्र चालेल, कारण तेवढा धूर शेजारधर्मात सोसला जातो. मला वाटते, आपल्या काळातील त्या बाहेरच्या डब्याला हाच न्याय लागू पडतो. तो छतावर किंवा मोकळ्या बाजूला बसवता येत असताना पन्नास फूट नळीचा खर्च वाचवण्यासाठी शेजाऱ्याच्या खिडकीसमोर बसवणे, हे बिल भरल्याने माफ होत नाही.

वीजही सामाईक आहे. संध्याकाळी साऱ्या मोहल्ल्याचे एसी एकदम सुरू होतात आणि डीपी उडते. मग ज्याच्या घरी इन्व्हर्टर आहे तो झोपतो. बाकीचे अंगणात पुठ्ठ्याने वारा घेत बसतात. सहीह बुखारीतील जहाजाचा दृष्टांत आपण अनेकदा ऐकला आहे. खालच्या मजल्यावरील लोकांना पाण्यासाठी वर जावे लागते, म्हणून ते आपल्या वाट्याच्या तळाला भोक पाडायला निघतात. भोक त्यांच्याच हिश्श्यात असते, बुडतात मात्र सगळे. डीपीवरचा आपला वाटा हा असाच वाटा आहे.

आणि जे आकडा टाकून वीज घेतात, त्यांच्याविषयी मतभेदाला जागा नाही. ती चोरी आहे. सरकारी माल कुणाचाच नसतो, हे म्हणणे उलटे आहे. तो सर्वांचा असतो, म्हणून ज्यांची माफी मागावी लागेल त्यांची यादी फार लांब होते. मिलादच्या रोषणाईसाठी किंवा जलशाच्या मंडपासाठी टाकलेला आकडा याला अपवाद नाही. चोरीच्या उजेडात दरूद म्हटल्याने तो उजेड हलाल होत नाही.

मस्जिदीचा दिवा

आता माझ्या उशाशी असलेल्या यंत्राकडे परततो. ते स्वखर्चाचे नाही, वक्फच्या विजेवरचे आहे. त्यामुळे तरुणापेक्षा माझा प्रश्न अधिक कठीण आहे.

सतराव्या शतकात भारतातील विद्वानांनी संकलित केलेल्या फतावा आलमगीरीत मस्जिदीच्या दिव्याविषयी मसले आहेत. तेल वक्फचे आहे. मग दिवा किती वेळ जळावा? उत्तर असे की मगरिबपासून इशाच्या वेळेपर्यंत हरकत नाही. रात्रभर जळता ठेवू नये, मात्र जिथे तशी रूढीच आहे किंवा दात्याने तशी अट घातली आहे, ती जागा अपवाद. पुढे आणखी बारीक प्रश्न आहे: त्या दिव्याच्या उजेडात कुणी पुस्तक वाचावे काय? लोक नमाज आटोपून घरी गेल्यानंतरही दिवा राहिला असेल, तर रात्रीच्या एक तृतीयांश भागापर्यंत वाचण्यास हरकत नाही, असे म्हटले आहे. मदरशात हे पान शिकताना मला हसू आले होते. एका वातीच्या तेलासाठी एवढा खल! त्या रात्री ते पान मला जसेच्या तसे आठवले. त्या फुकहांना तेल महाग वाटत नव्हते. ते ज्याने दिले त्याचा हेतू त्यांना महाग वाटत होता.

हजरत उमर बिन अब्दुल अजीज यांची कथाही सर्वश्रुत आहे. राज्यकारभार चालू असताना बैतुलमालचा दिवा जळत होता. खासगी बोलणे निघताच त्यांनी तो विझवून स्वतःचा दिवा लावला. मी ही कथा अनेकदा मिंबरवरून सांगितली आहे, आणि खाली उतरून वक्फच्या विजेने गार झालेल्या खोलीत झोपलो आहे.

पुढच्या आठवड्यात मी मुतवल्लींकडे गेलो. ते म्हणाले, "मौलाना, हा तुमचा हक्क आहे. पगार आम्ही थोडाच देतो, निदान झोप तरी नीट लागू द्या." त्यांच्या बोलण्यात तथ्य होते. इमामाच्या राहण्याची सोय ही मस्जिदीची गरजच आहे, आणि आपल्याकडे इमामांचे मानधन किती असते हे वाचकांना ठाऊक आहे. माझी अडचण हक्काविषयी नव्हती. मर्यादा कुणी ठरवलेली नव्हती, ही अडचण होती. दात्याने यंत्र दिले होते. चाचांनी दहाची नोट कशासाठी दिली होती, हे कुणी त्यांना विचारले नव्हते.

शेवटी जमातीच्या बैठकीत ठरले. हुजऱ्याच्या तारेवर वेगळे लहान मीटर बसवले. उन्हाळ्यात दरमहा १२० युनिटांपर्यंतचा खर्च इमामाच्या सोयीत धरायचा. त्यावरचा मी माझ्या खिशातून फंडात जमा करायचा. हे सर्वांसमोर वाचून दाखवले. चाचा तिथे होते. बाहेर पडताना मी त्यांना म्हणालो, "चाचा, तुमच्या पैशातले काही माझ्या थंड हवेत गेले." ते म्हणाले, "मौलाना, मी पेटीत टाकले तेव्हाच ते माझे राहिले नाहीत. तुम्ही फज्रला वेळेवर उठत जा." त्यांनी मला दिलासा दिला की ताकीद, हे मला अद्याप ठरवता आलेले नाही.

मग करायचे काय?

त्या तरुणाला मी नंतर भेटलो आणि माझे घाईचे उत्तर पुरे केले. जे त्याला सांगितले तेच येथे थोडक्यात मांडतो.

पहिले, गरज ओळखा. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या म्हणण्यानुसार तापमान एक अंशाने वाढवून ठेवले तर सुमारे सहा टक्के वीज वाचते. २०२० पासून नव्या तारांकित एसींमध्ये २४ अंश हे तापमान मुळातच ठरवलेले असते, ते याच कारणाने. २० ऐवजी २४ वर ठेवले तर पाचवा हिस्सा तरी वाचतो. सोबत पंखा मंद ठेवला तर २६ अंशांतही सुखाची झोप लागते. १८ वर ठेवल्याने खोली लवकर गार होते हा समज चुकीचा आहे. यंत्र आपल्या ताकदीनेच चालते, फक्त थांबत उशिरा.

दुसरे, यंत्रापूर्वीचे उपाय करा. छताला चुना किंवा पांढरा रंग, खिडकीला वाळ्याचा पडदा, गच्चीवर हिरवी जाळी. मराठवाड्याची हवा कोरडी असल्याने एप्रिल-मेमध्ये साधा कूलरही चांगले काम करतो आणि एसीच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याची वीज घेतो. आपले पूर्वज हे जाणत होते. औरंगाबादच्या पाणचक्कीत हौदाखालील दालन पाहा. वरच्या पाण्यामुळे ते ऐन उन्हाळ्यात गार राहते, आणि ते वाटसरूंच्या उपयोगी पडत असे. आपल्या नव्या मस्जिदी मात्र काचेच्या बंद खिडक्यांच्या बांधल्या जातात आणि मग चार-चार एसींसाठी चंदा गोळा होतो. मस्जिद बांधतानाच वाऱ्याची वाट ठेवली, तर पुढच्या पन्नास वर्षांचे बिल कमी होते. मुतवल्ली बंधूंनी यावर अवश्य विचार करावा.

तिसरे, गारव्यात दुसऱ्याचा वाटा काढा. त्या तरुणाला मी सुचवले की उन्हाळ्याच्या प्रत्येक महिन्यात एसीच्या बिलाचा दहावा हिस्सा बाजूला ठेवावा. हा शरीयतचा फर्ज नव्हे, केवळ एक नफिल सदका आहे. त्यातून कुणाच्या पत्र्याच्या घरात एक पंखा लागेल, कुणाच्या छतावर चुना लागेल. तीन महिन्यांनी तो एक पंखा घेऊन आला. तो कुठे लागला हे लिहिणे उचित नाही.

माझ्या मीटरने गेल्या महिन्यात १३४ युनिटे दाखवली. चौदा युनिटांचे पैसे मी फंडात भरले आणि पावती घेतली. पण ज्या हिशेबाची पावती या जगात मिळत नाही, त्याची धास्ती प्रत्येक रात्री यंत्र सुरू करताना असावी, एवढीच अपेक्षा मी स्वतःकडून आणि आपल्याकडून करतो.

अल्लाह आपणा सर्वांना त्याच्या नेमतींची जाण, त्यांचा मध्यम उपयोग आणि ज्यांना त्या लाभल्या नाहीत त्यांचे स्मरण ठेवण्याची तौफीक देवो. आमीन.